नवं सांडपाणी, जुना स्लज

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: एका सांडपाण्यावर छान चालणारं ॲनएरोबिक, म्हणजे हवेशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं, कल्चर दुसरं सांडपाणी आलं की का अडतं, आणि ते रुळायला किती दिवस द्यायचे? माझं बरंचसं आयुष्य या काळ्या स्लजच्या, म्हणजे त्याच सूक्ष्मजीवांच्या गाळाच्या, बाटल्या आणि रिॲक्टर सांभाळण्यात गेलं. घाईने टाकून दिलेला चांगला स्लज मी पुष्कळ पाहिला आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर जरा रेंगाळणार आहे.

प्रश्न : मॅडम, मी प्रकल्पासाठी एका चालू डायजेस्टरमधला (गॅस करणाऱ्या बंद टाकीतला) स्लज आणून तीन सीरम बाटल्यांत भरला. पहिलीत ग्लुकोज, दुसरीत तेल, तिसरीत फिनॉल. ग्लुकोजच्या बाटलीत दुसऱ्याच दिवशी भरपूर गॅस आला. तेलाच्या बाटलीत थोडा आला आणि थांबला. फिनॉलच्या बाटलीत तीन आठवडे झाले तरी काही नाही. मार्गदर्शक म्हणतात, कल्चर मेलं, टाकून दे. खरंच मेलं असेल का? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी)

उत्तर : टाकू नका. मेलं की नाही हे ठरवायला एक चौथी बाटली लागते: नुसता स्लज आणि पाणी, खाद्य काहीही नाही. तिला ब्लँक म्हणतात. स्लजमध्ये आधीचं थोडं खाद्य शिल्लक असतं, त्यामुळे ब्लँकमध्येही हळूहळू गॅस जमतो. फिनॉलच्या बाटलीतला गॅस ब्लँकइतकाच असेल, तर आतली मंडळी जिवंत आहेत, फिनॉलला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही. ब्लँकपेक्षाही कमी असेल, तर फिनॉल त्यांना बाधतं आहे आणि मात्रा कमी करायला हवी. ब्लँक नसेल तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात. थोडा स्लज उरला असेल तर आजच ब्लँक लावा.

मग बूच तपासा. माध्यमात रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घातला असेल तर स्लज तळाशी बसू द्या आणि बाटली उजेडाकडे धरून वरची निवळी बघा. हा रंग सुरुवातीला निळा असतो, मग गुलाबी होतो आणि ऑक्सिजन पार संपला की निवळी पाण्यासारखी दिसते. नंतर हवा आत शिरली तर रंग निळ्यावर परत जात नाही, गुलाबीवर येतो. रोज सुई टोचून बूच सैल झालं असेल तर आधी निवळीच्या वरच्या कडेला फिकट गुलाबी झाक दिसते. ती दिसली तर तुमच्या तीन आठवड्यांचा हिशोब फिनॉलच्या नावावर मांडता येणार नाही. गॅस मोजताना काचेच्या सिरिंजचा दट्ट्या पाण्याने ओला करा, सिरिंज आडवी धरा आणि दट्ट्या आपसूक सरकून जिथे थांबेल तो आकडा घ्या. हाताने ओढलेला आकडा खोटा असतो.

आता ग्लुकोजची बाटली. तुम्ही तिला यशस्वी समजत आहात, पण मला तिघींमध्ये तिचीच काळजी वाटते. साखरेची ॲसिडं करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात आणि त्यांच्या कामात कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सुटतो. दुसऱ्या दिवशीचा तुमचा गॅस बहुतेक तोच असणार. मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला दिवस लागतात. तोवर ॲसिडं साचली आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला, तर मिथेनची गाडी तिथेच अडते. म्हणून गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊ द्या. कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पलीकडे निघेल तो मिथेन. द्रावणात थायमॉलफ्थॅलीन या दर्शकाचे थेंब टाकले की निळा रंग राहतो, आणि कॉस्टिक संपत आलं की तो उडतो. हिशोबाला एक आकडा लक्षात ठेवा: एक ग्रॅम सीओडी (ऑक्सिजनच्या मापात मोजलेलं सेंद्रिय खाद्य) पूर्णपणे मिथेनमध्ये गेला तर प्रमाण तापमान आणि दाबाला ०.३५ लिटर मिथेन मिळतो. ग्लुकोजच्या एका ग्रॅममागे साधारण ०.३७ लिटर. यापेक्षा जास्त गॅस दिसत असेल तर तुम्ही मिथेन मोजत नाही आहात.

पुढचं समजायला या बाटलीत कोण कोण आहे ते सांगते. एक गट मोठे रेणू फोडतो. दुसरा फुटलेल्या साखरा आणि अमिनो आम्लांची लहान ॲसिडं करतो. तिसरा प्रोपिओनेट, ब्युटिरेट यांचं ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो. चौथा, म्हणजे मिथॅनोजेन, ॲसिटेट किंवा हायड्रोजन घेऊन मिथेन सोडतो. हे चौथे तर जिवाणूही नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची वेगळी शाखा दाखवून दिली, आज आपण त्यांना आर्किया म्हणतो.

तिसऱ्या गटाला चौथ्यावाचून हे काम करता येत नाही. इथेनॉलपासून मिथेन करणारं एक कल्चर बरीच वर्षं एकाच जीवाचं समजलं जात होतं, त्याला मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की असं नावही होतं. १९६७ मध्ये ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात दोन जीव आहेत. एक इथेनॉलपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. दुसऱ्याने हायड्रोजन उचलला नाही तर पहिल्याला त्या कामातून ऊर्जाच मिळत नाही. प्रोपिओनेट फुटायचं असेल तर हायड्रोजनचा दाब एका वातावरणाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाच्याही खाली राहावा लागतो. रिॲक्टर बिघडताना प्रोपिओनेट साचतं आणि सगळ्यांत उशिरा उतरतं, त्याचं कारण हेच.

तेलाच्या बाटलीत नेमकी हीच साखळी अडली आहे. तेल फुटून ग्लिसरॉल आणि लांब साखळीची मेदाम्लं होतात. ग्लिसरॉल लगेच संपतं, तुमचा सुरुवातीचा थोडा गॅस बहुधा त्याचा. मेदाम्लं मात्र स्लजच्या कणांना चिकटतात आणि पेशींभोवती थर धरतात. आत-बाहेर जाणं-येणं मंदावतं, स्लज हलका होऊन तरंगतो. पूर्वी या अवस्थेला कायमची विषबाधा समजत. ती बहुतेक वेळा सुटते. चिकटलेली मेदाम्लं हळूहळू तोडली जातात आणि मग एकदम जोराने गॅस येतो, कारण मेदात ऊर्जा भरपूर: एक ग्रॅम मेदापासून जवळपास एक लिटर मिथेन, कर्बोदकांपासून त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा तेलाच्या बाटलीत नवीन तेल अजिबात घालू नका. ती हलवत राहा आणि थांबा. पहिला डोस पचला की दुसरा द्या. असा मध्ये वेळ सोडून दिलेला मेद पचवायला स्लज रोजच्या सततच्या माऱ्यापेक्षा लवकर शिकतो.

आता फिनॉल. बेंझिनचं कडं ऑक्सिजनशिवाय फोडणं हे मोजक्याच जीवांचं काम आहे. ते फिनॉलला आधी कार्बॉक्सिल गट जोडतात, मग बेंझॉइल-कोएंझाइम-ए या टप्प्यावर आणून कडं उघडतात, शेवटी ॲसिटेट आणि हायड्रोजन उरतो. पुन्हा तो हायड्रोजन उचलणारा जोडीदार हवाच. घरगुती सांडपाण्याच्या स्लजमध्ये असे जीव असतात, पण फारच थोडे. एक गणित करून बघा. समजा तुमच्या स्लजमधल्या एक कोटी पेशींत फिनॉल फोडणारी एकच आहे आणि तिची संख्या पाच दिवसांनी दुप्पट होते. शंभरात एक इतकं प्रमाण व्हायला ती एक लाखपट वाढायला हवी. म्हणजे सुमारे सतरा वेळा दुप्पट, म्हणजे पंच्याऐंशी दिवस. या पंच्याऐंशीपैकी पहिले साठ-सत्तर दिवस तुमचा आलेख सपाटच राहणार, कारण गॅस मोजण्याइतका होण्याजोगी त्यांची संख्याच नसते. शेवटच्या तीन-चार दुपटींत तो एकदम वर उठतो. सपाट रेषा बघून कल्चर मेलं म्हणणारे लोक नेमके त्या तीन-चार दुपटींच्या आधी बाटली टाकून देतात. मला याची खरंच हळहळ वाटते.

मात्रा तेवढी जपा. लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास फिनॉलने सुरुवात करा. ते संपल्याचं मोजून खात्री झाली की दुसरा डोस द्या. दुसरा डोस पहिल्यासारखा न अडता लगेच संपायला लागला तर कल्चर रुळलं, हीच त्याची परीक्षा. तीन आठवड्यांत काही नाही हा तुमचा निष्कर्ष प्रबंधात जरूर लिहा, पण "विघटन होत नाही" असं लिहू नका. "या मुदतीत सुरू झालेलं नाही" असं लिहा.

प्रश्न : आमच्याकडे यूएएसबी (खालून वर पाणी वाहणारा ॲनएरोबिक रिॲक्टर) आहे. इतकी वर्षं स्टार्च आणि साखरेचं पाणी यायचं. आता उत्पादन बदलल्यामुळे प्रथिनांचं प्रमाण खूप असलेलं पाणी येणार आहे. वरिष्ठांना आठवड्याभरात पूर्ण फ्लो हवा आहे. लोड, म्हणजे रोज दिला जाणारा सीओडी, किती वेगाने वाढवू? रोज काय बघू? (प्रक्रिया केंद्राचे ऑपरेटर)

उत्तर : आठवड्याभरात होणार नाही. वरिष्ठांना हे तुमच्या तोंडून पटत नसेल तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा.

तुमच्या रिॲक्टरची खरी पुंजी म्हणजे त्यातले दाणे. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा आणि त्यांचे सहकारी बीटसाखरेच्या सांडपाण्यावर काम करत होते. खालून वर वाहणाऱ्या पाण्यात स्लज वाहून न जाता त्याचे घट्ट दाणे तयार होतात आणि तळाशी ठाण मांडतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं आणि यूएएसबी त्यावरच उभी राहिली. दाणा अर्ध्या मिलिमीटरपासून तीनेक मिलिमीटरपर्यंत असतो. पाणी काही तासांत निघून जातं, दाणा महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे मंद वाढणाऱ्यालाही घर मिळतं.

पण दाण्याची आतली रचना तुम्ही त्याला काय खायला घातलं यावर ठरते. साखरेच्या पाण्यावर वाढलेला दाणा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर थर दिसतात: बाहेर साखर झटपट ॲसिडात बदलणारे, आत ॲसिटेट खाणाऱ्या मिथॅनोसीटा या मिथॅनोजेनचे लांब धागे. साखर बाहेरच्या थरात संपते आणि आत पोचतं ते बव्हंशी ॲसिड. प्रथिनांच्या पाण्यावर वाढलेल्या दाण्यात असे थर नसतात, सगळे एकमेकांत मिसळलेले असतात, कारण पहिली पायरीच सावकाश होते आणि न फुटलेला माल आतवर झिरपतो. म्हणजे नुसता पाहुणा बदलत नाही, घराची बांधणीही बदलणार आहे. काही जुने दाणे फुटतील, बाहेरचा थर सुटून पाण्याबरोबर जाईल. बाहेर पडणाऱ्या पाण्यात सुरुवातीला थोडा गढूळपणा वाढला तर घाबरू नका. मात्र शंकूच्या भांड्यात ते पाणी अर्धा तास ठेवून किती स्लज बसतो हे रोज लिहा. तळाशी अख्खे दाणे येऊ लागले तर त्याच दिवशी फ्लो कमी करा. गेलेला दाणा विकतही लवकर मिळत नाही.

दुसरी गोष्ट अमोनियाची. प्रथिनं फुटली की अमोनिया सुटतो. त्यातला मोकळा, न-भारित अमोनिया पेशीत शिरतो आणि त्रास देतो. त्याचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. पस्तीस अंशाला पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का मोकळा असतो, पीएच आठला तो दहा टक्के होतो. पंचावन्न अंशाला पीएच आठच राहिला तरी तो पंचवीस टक्क्यांच्या वर जातो.

आणि इथे एक फसवणूक आहे, ती नीट समजून घ्या. साखरेच्या पाण्यावर तुम्हाला पीएच मीटर बघून रिॲक्टरची तब्येत कळायची: बिघडला की पीएच घसरायचा. प्रथिनांच्या पाण्यात अमोनियामुळे अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड झेलायची पाण्याची क्षमता, वाढते. आत ॲसिडं हजारो मिलिग्रॅमपर्यंत साचली तरी पीएच साडेसात, पावणेआठ दाखवतो, गॅसही थोडाथोडा येत राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून आता पीएचवर विसंबायचं नाही. व्हीएफए (साचलेली लहान ॲसिडं) आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर रोज काढा. ते ०.३ च्या खाली असेल तर निवांत, ०.४ च्या वर जाऊ लागलं तर वाढ थांबवा. जमत असेल तर आठवड्यातून एकदा बाहेरून प्रोपिओनेट वेगळं मोजून आणा.

अमोनियाला स्लज रुळतो, आणि तो कसा रुळतो हे मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. ॲसिटेट थेट खाणारे मिथॅनोसीटा अमोनियाला फार नाजूक असतात, ते मागे पडतात. अशा वेळी एक वेगळीच वाट उघडते. काही जिवाणू ॲसिटेटचं ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आणि हायड्रोजन खाणारे मिथॅनोजेन त्यापासून मिथेन करतात. हे मिथॅनोजेन अमोनिया बराच जास्त सोसतात. बाहेरून बघणाऱ्याला तेच ॲसिटेट आत जाताना आणि तोच मिथेन बाहेर येताना दिसतो, आत मात्र काम करणारे पार बदललेले असतात. पण ही ॲसिटेट मोडणारी मंडळी अतिशय मंद वाढतात, त्यांना दुप्पट व्हायला आठवडे लागू शकतात. तुमच्या वरिष्ठांचा आठवडा आणि त्यांचा आठवडा यांचा मेळ बसणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. सीओडीच्या हिशोबाने पहिल्यांदा एक दशांश नवं पाणी, बाकी जुनं. व्हीएफए चढेल, मग उतरेल. ते मूळ पातळीला आलं आणि आठवडाभर तिथे टिकलं की पुढची पायरी, तीही तेवढीच. चढलेलं उतरत नसेल तर पायरी मागे घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. पाणी बदलत असताना तापमान बदलू नका. दोन बदल एकदम केले तर कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही. जुनं पाणी बंदच होणार असेल तर नवं पाणी टाकीत साठवून पातळ करून द्या, अमोनियाही त्यामुळे आटोक्यात राहील. आणि निदान या काळात तरी स्लज काढून टाकू नका, कितीही सांगितलं तरी. अवायवीय स्लज वाढतो अगदी थोडा, ग्रॅमभर सीओडीमागे ०.०५ ते ०.१ ग्रॅम. तुम्ही आज काढाल तो भरून यायला मोसम जातो.

प्रश्न : नव्या डायजेस्टरसाठी ताजं शेण घालावं, की बाजारात मिळणारी कल्चरची पावडर? (लघुउद्योजक)

उत्तर : दोन्हींपेक्षा चालू डायजेस्टरमधून निघालेली मळी घ्या, आणि तुमच्यासारखंच पाणी घेणारा डायजेस्टर शोधा. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांवर येतं ते यानेच.

ताज्या शेणाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जनावराच्या पोटात मिथेन होतो तो प्रामुख्याने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून. तिथे तयार होणारं ॲसिटेट जनावर स्वतःच शोषून घेतं, आणि अन्न पोटात राहतं तेवढ्या वेळात ॲसिटेटवर मंद वाढणारे मिथॅनोजेन टिकूही शकत नाहीत. त्यामुळे ताज्या शेणात हायड्रोजन खाणारे मुबलक असतात, ॲसिटेट खाणारे कमी. आणि डायजेस्टरमधला सुमारे दोन तृतीयांश मिथेन साधारणपणे ॲसिटेटपासून येतो. शेण चालतं, पण वेळ घेतं. पचलेली मळी शेणापेक्षा केव्हाही सरस.

पावडरींमध्ये बहुतेक वेळा वाळवून टिकणारे, बीजाणू करणारे जिवाणू असतात. मोठे रेणू फोडायला त्यांचा थोडा उपयोग होत असेल, पण तुमचा डायजेस्टर अडतो तो प्रोपिओनेटवर आणि मिथेनवर. तिथे काम करणारे पाकिटात नसतात. माझं मत विचारलंत तर त्या पैशात मळीचा टँकर आणा.

प्रश्न : स्लज "रुळतो" म्हणजे तेच जिवाणू बदलतात, की जुने मरून नवे येतात? (विज्ञान शिक्षक)

उत्तर : दोन्ही होतं, वेगवेगळ्या वेळापत्रकाने. नवं खाद्य समोर आलं की त्यासाठी लागणारी एंझाइमं पेशी तयार करायला घेते, हे काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंत होतं. मिठाचं पाणी आलं की काही मिथॅनोजेन पेशीत ग्लायसिन बीटेनसारखे रेणू साठवून दाब सांभाळतात, तेही असंच. पण दिवसांत नव्हे तर आठवड्या-महिन्यांत जे बदलतं, ते म्हणजे कुणाचं प्रमाण किती. बाहेरून सहसा कुणी येत नाही. जे हजारांत एक होते ते शंभरात दहा होतात.

वर्गात दाखवायला एक सोपं उदाहरण आहे. ॲसिटेट खाणारे दोन प्रमुख मिथॅनोजेन: मिथॅनोसार्सिना आणि मिथॅनोसीटा. ॲसिटेट भरपूर असेल तर मिथॅनोसार्सिना एक-दोन दिवसांत दुप्पट होतो आणि बाजी मारतो. ॲसिटेट लिटरमागे पाच-पन्नास मिलिग्रॅमवर आलं की त्याला ते उचलता येत नाही. मिथॅनोसीटा वाढतो फार मंद, पण तेवढ्याशा ॲसिटेटवरही जगतो. म्हणून भरपूर लोड दिलेल्या, ताज्या रिॲक्टरमध्ये एक दिसतो, शांत चालणाऱ्या जुन्या रिॲक्टरमध्ये दुसरा. शाळेत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक मिळाला तर मुलांना जरूर दाखवा. मिथॅनोजेनमध्ये एफ-४२० नावाचा सहविकर (एंझाइमाला मदत करणारा रेणू) असतो, योग्य प्रकाशात तो निळसर हिरवा चमकतो. मिथॅनोसार्सिनाचे गड्डे झळाळतात, मिथॅनोसीटाचे धागे मात्र फिकेच राहतात, कारण त्यांच्यात तो सहविकर कमी असतो.

प्रश्न : आमचं सांडपाणी जवळपास शुद्ध मिथेनॉलचं आहे, विषारी काही नाही. सहा महिने झाले, स्लज रुळतच नाही. अजून थांबू का? (केमिकल इंजिनिअर)

उत्तर : तुम्हाला मी थांबायला सांगणार नाही. मिथेनॉल थेट खाणारे मिथॅनोजेन असतात आणि ते त्यातल्या त्यात लवकर वाढणारे आहेत. सहा महिन्यांत जमलं नाही तर वेळेशिवाय दुसरं काहीतरी कमी पडतं आहे. पाण्यातला कोबाल्ट मोजा. मिथेनॉल फोडणाऱ्या एंझाइमांना बी-१२ कुळातला कोबाल्टचा रेणू लागतो, आणि मिथेन करणाऱ्या शेवटच्या एंझाइमात एफ-४३० हा निकेलचा रेणू असतो. मिश्र सांडपाण्यातून हे धातू आपोआप मिळतात, तुमच्या स्वच्छ पाण्यात ते नाहीत. नायट्रोजन आणि फॉस्फरसही बघा: सीओडीच्या साडेतीनशे भागांमागे नायट्रोजन पाच, फॉस्फरस एक असं ढोबळ प्रमाण धरतात. लोह, निकेल, कोबाल्ट अगदी सूक्ष्म मात्रेत द्या आणि मिथेन बघा. पाण्यात सल्फाइड जास्त असेल तर हे धातू त्याला धरून तळाशी बसतात, मग देऊनही मिळत नाहीत, तेही तपासून घ्या.

प्रश्न : पाण्यात सल्फेट आहे, गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो. स्लज सल्फेटला रुळेल का? (एक वाचक)

उत्तर : रुळेल, पण तुम्हाला नको त्या दिशेने. सल्फेट वापरणारे जिवाणू तेच हायड्रोजन आणि ॲसिटेट मिथॅनोजेनच्या आधी पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड करतात. सीओडी सल्फेटच्या दहापट किंवा जास्त असेल तर सहसा त्रास होत नाही. तो सल्फेटच्या दोन तृतीयांशाहून खाली आला तर सगळा सीओडी तेच खाऊ शकतात आणि मिथेन विसरायचा. तुमचं गुणोत्तर काढा आणि मग ठरवा. टाकीवर काम करणाऱ्यांना मात्र आजच सांगा की वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं समजू नये. जास्त प्रमाणात हा वायू नाकाची जाणीवच बधिर करतो. मीटरशिवाय कुणीही आत डोकावू नये.

प्रश्न : आमचा हंगामी कारखाना आहे. वर्षातले काही महिने पाणीच नसतं. तोवर रुळलेला स्लज पुन्हा न रुळल्यासारखा होईल का? (ऑपरेटर)

उत्तर : नाही, तुम्हाला वाटतं तेवढं नुकसान होत नाही. दाणेदार स्लज उपाशी राहून महिनोन्‌महिने टिकतो, आणि थंड असेल तर अधिकच. पेशी मरतात त्या सगळ्याच गटांत आणि सावकाश, त्यामुळे रुळताना जमलेलं प्रमाण बरंचसं टिकून राहतं. रिॲक्टर रिकामा करू नका, गरम करत राहू नका, हवा आत जाऊ देऊ नका. बंदच्या काळात जमलं तर अधूनमधून तुमच्याच सांडपाण्याचा थोडा डोस द्या.

हंगाम सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी तळातून नमुना काढून ॲसिटेटवर मिथेनची ॲक्टिव्हिटी, म्हणजे तो ॲसिटेटपासून किती वेगाने मिथेन करतो ते, बघा. मागच्या हंगामाच्या शेवटी काढलेला आकडा जवळ असेल तर पहिल्या दिवशी किती लोड द्यायचा ते त्यावरूनच ठरतं: ॲक्टिव्हिटी निम्मी उरली असेल तर लोडही निम्म्याहून कमी. तो आकडा नसेल तर या हंगामाच्या शेवटी न चुकता काढून ठेवा.